देव उजव्या हाताला

चुन्याची फक्की मारणाऱ्या माणसानं मातीवर अर्धा गोल ओढला होता, तेवढ्यात सिदू आप्पांनी त्याच्या डब्यापुढे काठी आडवी धरली.

"गाड्या कुनीकडनं पळणार?"

आमच्या क्लबाचे सेक्रेटरी नाना इंगवले यांनी हवेत बोटानं गोल काढून दाखवला. डावीकडे वळत जाणारा.

"म्हंजे देव डाव्या अंगाला ऱ्हाणार?"

"व्हय की आप्पा. जगात समदीकडं असंच पळत्यात."

"जगाचं जगापाशी. हितं देवाला डावं घालून कुनी फिरत न्हाय. मी तर फिरू दीत न्हाय."

सिदू आप्पा खडकेमाळच्या बिरोबाचे पुजारी. वय सत्तरीच्या पुढे, खांद्यावर घोंगडं, आवाज मात्र लाउडस्पीकरची गरज नसलेला. जत्रेच्या तीन दिवसांसाठी देवाचा चांदीचा मुखवटा देवळातून आणून माळाच्या मधोमध चबुतऱ्यावर बसवायची पद्धत होती. दरवर्षी त्या माळाच्या कडेनं बैलगाड्या सरळ पळत, त्यामुळे देवाभोवती फिरायचा प्रश्न कधी आला नव्हता. त्या वर्षी, १९९४ च्या मार्चमध्ये, बैलांना लाळ्या-खुरकताची साथ आली. शर्यती रद्द झाल्या आणि गावच्या तरुण मंडळानं कोल्हापूरहून आम्हाला बोलावलं. आम्ही आठ जण मातीच्या गोल ट्रॅकवर मोटारसायकली पळवायचो. सपाट जागा चबुतऱ्याभोवतीच होती, त्यामुळे ट्रॅक देवाला वेढा घालूनच आखावा लागणार होता.

"बीएस्सी, हिकडं ये," नानांनी मला हाक मारली.

माझं नाव हेमंत आवटी. पण क्लबात पदवीधर मी एकटाच, तोही भौतिकशास्त्राचा, त्यामुळे नावानं मला कोणी हाक मारत नसे.

"उलट्या बाजूनं पळालं तर काय फरक पडतो का? तुझं शास्त्र काय म्हणतं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आप्पाही.

"काही फरक नाही," मी म्हणालो. "आरशात बघितल्यासारखं. डाव्याचं उजवं होतं. वेग तोच, जोर तोच. डावा पाय टेकवायचा त्याच्याऐवजी उजवा टेकवायचा, एवढंच."

"बगा," आप्पा म्हणाले. "पोरगं शिकल्यालं हाय."

माझ्या मागे दस्तगीर शिकलगार गाडीशेजारी खाली बसून डाव्या बुटाला लोखंडी तळवा बांधत होता. त्याचे हात थांबले. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, बांधलेली पट्टी सोडली आणि तळवा पिशवीत टाकला.

तो तळवा म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या गाड्यांना पुढचा ब्रेक नसे, आम्हीच तो काढून टाकायचो. वळण आलं की वेग कमी करायचा नाही. आतल्या बाजूचा पाय मातीवर टेकवून ॲक्सिलरेटर पिळायचा. मागचं चाक बाहेर फेकलं जातं आणि गाडी तिरकी घसरत वळण घेते. त्या वेळी गाडी आणि माणूस यांचा बराचसा भार त्या पायावर असतो. म्हणून बुटाखाली लोखंड. वळणं कायम डावीकडची, म्हणून लोखंडही कायम डाव्या पायाला. उजव्या पायाला शर्यतभर पेडलवर राहण्यापलीकडे फारसं काम नसे.

दस्तगीरच्या उजव्या नडगीत स्टीलची सळी होती.

हे क्लबात फक्त मला माहीत होतं. आठ महिन्यांपूर्वी कागलच्या पुढे सराव करताना तो पडला, तेव्हा त्याला टेम्पोत घालून मिरजेला मीच नेलं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीला धरून सांगितलं होतं, दीड वर्ष या पायावर मार बसता कामा नये. हाड त्याच जागी पुन्हा मोडलं आणि आत सळी वाकली, तर पाय राहील याची खात्री देता येणार नाही. क्लबात आम्ही सांगितलं की दस्तगीर हुबळीला मामाकडे कामाला गेलाय. नानांना कळलं असतं तर त्यांनी त्याचं नाव त्याच दिवशी काढून टाकलं असतं. तीन महिन्यांपूर्वी तो परतला आणि पूर्वीसारखाच पळू लागला, कारण वळणं डावीकडे होती.

आणि त्या दिवशी माघार घ्यायची सोय नव्हती. मद्रासच्या एका कंपनीचे राघवन नावाचे साहेब मुद्दाम आले होते. कंपनीची स्वतःची रेसिंग टीम होती आणि आमच्यातला एकच जण त्यांना हवा होता. नाव आज ठरणार होतं. त्यांना मिरजेहून संध्याकाळची गाडी पकडायची होती, त्यामुळे पाचला ते निघणार होते. सगळ्यांना ठाऊक होतं की ते एक नाव दस्तगीरचं असेल, नाहीतर माझं.

बैल पळणार नव्हते, तरी गावचा नालबंद सामान घेऊन आला होता. मंडळाच्या पोरांनी त्याला कामाला लावलं. एकेकाचा डावा तळवा ऐरणीवर ठेवून तो उजव्या बुटाच्या आकारात ठोकू लागला.

"आन तुजा रं?" त्यानं दस्तगीरला विचारलं.

"माझा नको, काका. मी बिनलोखंडाचा पळतो."

"सात बैलं नाल मारून घ्याया हुबी, आन आठवा म्हंतोय मी अनवानी!"

पोरं हसली. दस्तगीरही हसला. मी माझ्या बुटाची तार घट्ट करत राहिलो.

चार-चार गाड्यांच्या दोन फेऱ्या होत्या, पहिली माझी होती. झेंडा पडला आणि पहिल्याच वळणावर मला कळलं की मी चुकीचं बोललो होतो.

उजव्या वळणावर गाडी घसरायला लागली की हँडल डावीकडे वळवावं लागतं. त्यामुळे उजवा हात पुढे ताणला जातो, मनगट सरळ होतं आणि ॲक्सिलरेटर नकळत मिटतो. तो मिटला की घसरणारं मागचं चाक एकदम मातीला पकडतं आणि गाडी घोड्यासारखी झटका देते. दुसरं म्हणजे मागच्या ब्रेकचं पेडल उजव्या पायाखाली असतं. तो पाय जमिनीवर गेला की गाडीला कुठलाच ब्रेक उरत नाही. आरशात पाहिलं तर ॲक्सिलरेटर डाव्या हाताला आणि ब्रेक डाव्या पायाला दिसायला हवा. आम्ही फक्त ट्रॅक आरशात घातला होता, गाड्या बाहेरच होत्या.

तरी मी जिंकलो. माझे हात लांब आहेत, एवढंच त्याचं कारण. परत आलो तेव्हा नानांनी पाठीवर थाप मारली.

"शाब्बास बीएस्सी! फरक न्हाय म्हणालास आन दावलंसच करून."

मी काही बोललो नाही.

दुसऱ्या फेरीत दस्तगीर होता. तो काय करणार हे मला कळत नव्हतं. गाड्या सुटल्या. वळणावर बाकीचे तिघे आत वळले आणि पाय टेकवले. दस्तगीरनं दोन्ही पाय गाडीवरच ठेवले. तो आत गेलाच नाही. बाहेरच्या कडेला सैल मातीचा बांध साचला होता, त्याला चाक लावून तो लांबचा गोल मारत होता. प्रत्येक वळणाला त्याला दहा-बारा फूट जास्त पडत होते आणि सरळ पट्टीवर तो ते भरून काढत होता. मी असं पळणं पूर्वी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. गाडी अंगाखाली वळवळत होती आणि हा वर काचेचं भांडं घेऊन बसल्यासारखा बसला होता.

तिसऱ्या वळणावर झटका आला. गाडी आडवी जाऊ लागली, तो उसळला आणि खाली बसताना त्याची उजवी नडगी किकच्या दांड्यावर आपटली. मी दोरीला धरून उभा होतो. तोच पाय जमिनीकडे झेपावताना मी पाहिला. जमिनीपासून वीतभर अंतरावर त्यानं तो आवरला आणि परत वर घेतला.

तो दुसरा आला. पहिले दोघे फायनलला जाणार होते.

मी त्याला पाण्याच्या टँकरमागे गाठलं. तो टायरला टेकून उभा होता, सगळा भार डाव्या पायावर.

"दाखव."

"काय दाखव? पाय हाय तो, बायको न्हवं."

"दस्तू, फायनलला उतरू नको."

"आन तू एकटाच पळ. व्हय?"

"तसं नाही."

"मग नानाला जाऊन सांग. ह्याच्या नडगीत सळी हाय म्हणून. सांग की! दोन मिनटात मी भाएर. राघवनला दुसरं कोन हाय मग? तू." त्यानं तोंडावर पाणी मारलं. "सकाळी तू बोललास ते खरं हाय का? फरक न्हाय?"

"भौतिकशास्त्रात बघितलं तर..."

"मी तुला इचारतोय. शास्त्राला न्हाय."

लाउडस्पीकरवर फायनलची नावं पुकारली जाऊ लागली. दस्तगीर टँकरचा आधार सोडून चालू लागला. पहिली तीन पावलं लंगडला, मग लोक दिसतील अशा ठिकाणी आल्यावर सरळ चालला.

फायनलच्या रेषेवर चार गाड्या लागल्या. मी आतल्या बाजूला, माझ्या शेजारी दस्तगीर, पलीकडे आमच्याच क्लबातले केरबा आणि पिंटू. फायनल म्हणजे आधीच्या फेरीसारखं नव्हे. चारही जण जीव तोडून पळणार. बाहेरून पाय न टेकवता तिसरं येता आलं असतं, पहिलं नाही. हे मला कळत होतं, म्हणजे त्यालाही कळत होतं. तो पाय टेकवणार होता. त्यानं रबरी बुटाच्या पट्ट्या एक भोक आवळल्या होत्या आणि तो समोर बघत होता. इंजिनातल्या कॅस्टर ऑइलचा निळा धूर आमच्यामध्ये तरंगत होता. एरवी तो वास आला की मला दुसरं काही सुचत नसे.

मांडवाखाली राघवननी घड्याळ पाहिलं. पावणेचार झाले होते.

नानांनी झेंडा वर केला. मी इंजिन बंद केलं.

"काय झालं? प्लग गेला काय?"

मी गाडी स्टँडला लावली आणि चालत त्यांच्याकडे गेलो. लोखंडी तळव्यामुळे माझं एक पाऊल वाजत होतं.

"नाना, सकाळी मी चुकीचं सांगितलं. फरक पडतो."

"आत्ता?" नानांचा झेंडा वरच राहिला. "बोंबलायला आत्ताच सुचलं?"

मी हाताचं सांगितलं, ब्रेकचं सांगितलं, आरशाचं सांगितलं. वाक्यं नीट लागत नव्हती. दस्तगीरच्या पायाबद्दल बोललो नाही. म्हणालो, "या बाजूनं फायनल पळाली तर कुणीतरी मोडणार. मी पळणार नाही."

दोरीमागच्या गर्दीला एवढंच कळलं की एक जण भ्यायलाय. शिट्ट्या सुरू झाल्या. "बांगड्या आना रं!" कोणीतरी ओरडलं. केरबानं गाडीवरूनच मला शिवी हासडली. "जिंकायची चव घ्यायची आन मग शेपूट घालायची! साहेब चालला की लेका!" दस्तगीर वळून बघत होता. त्याचा चेहरा हेल्मेटमध्ये मला दिसत नव्हता.

नानांनी कपाळाला हात लावला. "सरळ सांग. आता करायचं काय? डाव्या अंगानं पळू देत न्हाईत, उजव्यानं तू पळत न्हाईस. गाड्या उडवायच्या काय?"

एवढ्यात सिदू आप्पा काठी टेकत आले. गोंगाट बघून त्यांना वाटलं भांडण जुंपलंय. मी त्यांना सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी थोडक्यात. सकाळी मी खोटं बोललो, या गाड्या एकाच अंगानं वळायला केलेल्या असतात.

आप्पांनी माझ्या गाडीचं हँडल धरलं, डावीकडे वळवून बघितलं, उजवीकडे वळवून बघितलं.

"मग मगाशीच का बोलला न्हाईस?"

"चुकलं."

"आरं, आमी देवाला डावं घालू नगा म्हनलं. डावीकडं वळू नगा असं कोन म्हनलं?" ते चबुतऱ्याकडे वळले. "देव काय खिळं मारून बसवलाय व्हय? रोज सांजंला पालखीत बसतोय. आज जरा लौकर बसंल. त्यो हितनं भाएर येऊन शर्यत बगंल, मग तुमी रिकाम्या दगडाला कसंबी फिरा. पर इचाराया पायजे त्येला."

विचारायचं म्हणजे कौल लावायचा. मुखवट्याच्या दोन्ही गालांना दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. देवाच्या उजव्या गालाची आधी पडली तर होकार, डाव्या गालाची पडली तर नकार. नकार आला असता तर शर्यत संपली होती. राघवन मद्रासला गेले असते आणि दस्तगीरनं त्या दिवसाचा दोष मला जन्मभर दिला असता.

मी चबुतऱ्यापासून चार फुटांवर उभा होतो. आप्पांनी तांब्यात बोटं बुडवली आणि डाव्या गालाला पाकळी लावली. पुन्हा बोटं बुडवली, पाकळीवर पाणी फिरवून अंगठ्यानं दाबली. उजव्या गालाला त्यांनी दुसरी पाकळी नुसती टेकवली. बोटं तोवर जवळजवळ कोरडी झाली होती. मार्चमधलं चारचं ऊन होतं. पाण्याचा पातळ थर आधी सुकणार, हे सांगायला पदवी लागत नाही. आप्पांनी मागे सरकताना माझ्याकडे बघितलं. मीही त्यांच्याकडे बघितलं.

माळावर एवढी शांतता झाली की दूरच्या पाळण्याचं करकरणं ऐकू येऊ लागलं. दस्तगीर गाडीवरून उतरून, बूट काढून हात जोडून उभा होता. माझ्या मनगटी घड्याळात सात मिनिटं वीस सेकंद झाली तेव्हा उजव्या गालावरची पाकळी सुटली.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

त्या दिवशी दुसऱ्यांदा मी खरं माहीत असून गप्प बसलो. या दुसऱ्या वेळेचं मला कधी वाईट वाटलं नाही.

ढोल वाजू लागले. पालखी माळाच्या कडेला आली, बिरोबाचं तोंड ट्रॅककडे करून ठेवली गेली. नालबंदानं शिव्या देत आमचे तळवे पुन्हा डाव्या बुटासाठी ठोकले. साडेचारला झेंडा पडला.

या वेळी मी काही सोडलं नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर काहींनी तसं म्हटलं. सुटताना मी पुढे होतो. पहिलं वळण, डावा पाय खाली, हात पोटाशी, ॲक्सिलरेटर पूर्ण, गाडी जशी घसरायला हवी तशी घसरली. दुसऱ्या चकरेला दस्तगीरचं पुढचं चाक माझ्या गुडघ्याशी दिसलं. मी आतली जागा दिली नाही. तिसऱ्या चकरेला तो बाहेर गेला, त्याच सैल मातीच्या बांधावर. तिथं कोणाची पकड बसणार नाही असं आम्ही सगळे समजत होतो. पण आधीच्या फेरीत ती माती त्यानंच दाबून दाबून घट्ट केली होती. शेवटच्या वळणावर आम्ही दोघे शेजारी होतो. पडलो असतो तर एकमेकांवर पडलो असतो. त्याचा उजवा पाय मला दिसत नव्हता, तो पेडलवर, माझ्यापासून लांबच्या बाजूला होता. माझी गाडी कणभर जास्त घसरली, की त्याची कमी, सांगता येत नाही. त्यानं रेषा ओलांडली तेव्हा तो माझ्या अर्धं चाक पुढे होता.

राघवननी वहीत एक नाव लिहिलं आणि ते जीपमध्ये बसले.

दस्तगीर मद्रासला गेला, आठ हंगाम पळाला. मी आणखी एक हंगाम पळालो आणि मग कॉलेजात शिकवू लागलो. आता त्याचं गडहिंग्लजला गॅरेज आहे. तरुण पोरं जुन्या शर्यतींबद्दल विचारतात तेव्हा तो हातातलं काम टाकून खडकेमाळची फायनल सांगतो, आप्पांचा आवाज काढतो, पाकळी पडली तो क्षण असा रंगवतो की पोरं श्वास धरतात. तिथं तो थांबतो. त्यानंतरचं तो सांगत नाही.

शर्यत झाल्यावर तो टँकरमागे जाऊन बसला होता. लोक पालखीमागे गेले होते. मी गेलो तेव्हा त्यानं उजवा बूट काढलेला होता. किकचा मार बसला तिथं नडगी सुजून तांब्याएवढी झाली होती, रंग जांभळा. अशा पायानं तो फायनल पळाला होता. मी बसून हात लावला. हाड सरळ लागलं. बोटं हलव म्हणालो, त्यानं हलवली.

"मोडलं नाही," मी म्हणालो.

"ठाऊक हाय."

मग त्यानं विचारलं, "सकाळी नानानं तुला इचारलं. तू म्हणालास फरक न्हाय. त्या वक्ताला माझा पाय तुला आठवला न्हवता?"

मला सहज म्हणता आलं असतं. प्रश्न अचानक आला होता, मी फक्त गणिताचा विचार केला. नानांना ते पटलं असतं. बहुतेक त्यालाही पटलं असतं, तो ते पटवून घ्यायला तयार होता. त्याच्या आवाजावरून कळत होतं.

"आठवला होता," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. मी नजर खाली घेतली नाही, पण ती तशीच ठेवायला मला फार जोर लागला. शेवटी त्यानं बूट उचलला, दोन्ही पट्ट्या एकत्र बांधून गळ्यात अडकवला आणि हात पुढे केला.

"धर. टेम्पोपत्तोर ने."

मी त्याला उठवलं. त्यानं हात माझ्या मानेमागून टाकला आणि अंगाचा सगळा भार माझ्यावर सोडला, जरासुद्धा न सावरता. टेम्पो माळाच्या दुसऱ्या टोकाला, बाभळीखाली होता. मी पावलं मोजत होतो. दोनशे चौदा झाली. उजवा पाय त्यानं एकदाही जमिनीला लावला नाही.